बिनहातांची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. उभे असाल तर क्षणभर उभेच राहा. या, बसा, असं मोकळेपणानं म्हणायचा धीर मला अजून होत नाही. माझा स्वभावच काळजीखोर. चार पाय, एक बैठक आणि एक पाठ, एवढाच माझा संसार, तरी जीव कायम टांगणीला लागलेला.

माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हिचं काम अर्धवट राहिलंय. तसं नाही, मी पूर्णच आहे. नक्षी नाही, गादी नाही, रंग नाही, आणि बाजूला टेकायला हातही नाहीत. घरात कमीत कमी सामान असावं आणि जे असेल ते साधंसुधं असावं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मला घडवलं. अशा सामानाला हल्ली मिनिमलिस्ट म्हणतात. माझ्या सुताराची जीभ त्या शब्दावर दर वेळी अडखळायची, म्हणून त्यानं माझं नाव ठेवलं होतं 'काहीनाही'. काहीनाही वाळली का, काहीनाहीला पॉलिश झालं का, असं तो आपल्या भावाला विचारायचा.

त्याचा कारखाना एका गॅरेजच्या मागच्या बोळात होता. तीस वर्षं त्यानं वेलबुट्टीचे पलंग आणि दोन माणसांना न उचलवणाऱ्या खुर्च्या केल्या होत्या. फर्निचरच्या एका नव्या दुकानानं माझं चित्र आणून दिलं, तेव्हा त्यानं कागद उलटसुलट केला आणि बाकीचं चित्र कुठे आहे म्हणून विचारलं. बाकीचं काही नव्हतंच. मग तो कामाला लागला. इतर खुर्च्यांना काही ना काही जोडत जातात, माझं मात्र एकेक काढून टाकत गेले. आधी हात गेले. पाठीच्या तीन पट्ट्यांपैकी दोन गेल्या. मग रंधा मारून मारून पाय बारीक झाले. खिळा एकही मारला नाही, लाकडात लाकूड बसवलं. शेवटी सुतारानं मला दोन बोटांवर उचलून भावाला दाखवलं.

"वाऱ्यानं उडेल," भाऊ म्हणाला.

सुतार हसला, पण मला ते फार लागलं. माझी पहिली काळजी त्या दिवशी सुरू झाली आणि पुढे तीच खरी ठरायची वेळ आली.

दुकानाच्या काचेत मी एकटीच उभी असायचे. मागे पांढरी भिंत, बाजूला एक कुंडी. येणारे-जाणारे थांबायचे, किती छान म्हणायचे, फोटो काढायचे आणि मग पलीकडच्या दालनात जाऊन गुबगुबीत सोफ्यावर बसून बघायचे. माणसांची ही गंमत मला तेव्हापासून ठाऊक आहे. त्यांना बघायला एक लागतं आणि बसायला दुसरं. मी आपली मनाची समजूत घालायचे की, येईल कुणीतरी.

आली ती आमची सूनबाई. तेव्हा अर्थात मला ठाऊक नव्हतं ती कुणाची सून ते. ती काचेपुढे बराच वेळ उभी राहिली. तिनं मला हात लावला नाही, बसून पाहिलं नाही, फक्त बघत राहिली, आणि मग दुकानदाराला म्हणाली की, हिच्याकडे बघून किती शांत वाटतं. मला स्वतःला आत काडीची शांतता नव्हती, पण कुणी आपल्याला पसंत करतंय म्हटल्यावर मी गप्प राहिले.

तिच्या या साधेपणाच्या वेडाला कारण होतं, ते मला मागाहून कळलं. तिची आई गेली तेव्हा आईचं घर रिकामं करायचं काम एकटीवर आलं होतं. अकरा आठवडे ती रोज तिथे जात होती. कपाटामागे कपाट निघालं, डब्यात डबे निघाले, एका पेटीत तर नुसती झाकणं होती, ज्यांचे डबे कुठेच नव्हते. कशाला हात लावला की रडू यायचं आणि फेकलं की अपराधी वाटायचं. शेवटच्या दिवशी तिनं ठरवलं की, आपल्या पाठीमागे कुणाला असं उपसत बसायला लागू नये. बाईचं काही चुकलं नव्हतं. तिला घरातलं कुणी नको होतं असंही नाही. तिला फक्त पसाऱ्याची धास्ती बसली होती, आणि धास्ती म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

मी घरात आले आणि मला शोभेल असं बाकीचं घर होऊ लागलं. बाहेरच्या खोलीतलं शोकेस गेलं, जाड पडदे गेले. पलंग गेले आणि त्यांच्या जागी जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंचीचे नवे, सपाट पलंग आले. भिंती पांढऱ्या झाल्या आणि त्यांच्यावरचा एकेक खिळासुद्धा उपटून भोकं बुजवली. मला आतल्या खोलीत ठेवलं. ती खोली अप्पांची, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांची. तिथे माझ्याआधी एक आरामखुर्ची होती. भक्कम, काळपट, रुंद हातांची, बसून बसून खोलगट झालेली. मी दारातून आत आले तेव्हा ती बाहेर चालली होती. दोघी दारात क्षणभर समोरासमोर आलो.

"म्हाताऱ्याला सांभाळ गं," ती म्हणाली. "उठताना जड जातं त्याला."

एवढंच बोलणं झालं. तिला घेऊन गेले आणि मी तिच्या जागेवर उभी राहिले. तिच्या पायांच्या चार खुणा फरशीवर होत्या, त्यांच्या मधोमध माझे पाय मावून वर जागा उरली. दुसऱ्याची जागा घेतली की झोप लागत नाही म्हणतात, ते माझ्याबाबतीत अगदी खरं ठरलं.

अप्पांबद्दल सांगायला हवं. उमेदीच्या काळात ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू बघायचे, वजनं खरी की खोटी ते ठरवायचे. त्यामुळे हाताला सवय अशी की, वस्तू उचलली की वजन सांगणार. मला त्यांनी पहिल्याच दिवशी दोन बोटांनी उचललं आणि मुलाला म्हणाले, "साडेतीन किलो. वर फार तर पन्नास ग्रॅम." मुलानं गंमत म्हणून मला काट्यावर ठेवलं. तीन किलो पाचशे चाळीस. अप्पांची मान ताठ झाली आणि माझं वजन घरभर झालं.

आरामखुर्ची देऊ का, असं सूनबाईनं त्यांना विचारलं होतं बरं का. ती कुणाचं काही विचारल्याशिवाय काढत नाही. विचारताना तिचा चेहरा इतका उजळलेला होता की अप्पा म्हणाले, "न्या." एका शब्दात विषय संपवला. स्वतःच्या गुडघ्यांविषयी ते कुणाशी बोलत नसत. मुलानं कधी विचारलंच तर मी ठणठणीत आहे म्हणायचे आणि विषय पावसापाण्यावर न्यायचे.

पहिल्याच संध्याकाळी ते माझ्यावर बसले. सूनबाई दारात उभी राहून कसं वाटतंय म्हणाली. छान, म्हणाले. मग ती तिथेच भिंतीला टेकून कुणाच्या तरी कपाटाची गोष्ट सांगायला लागली. अप्पांना उठायचं होतं. त्यांनी सवयीनं दोन्ही बाजूंना हात नेले, तर तिथे काहीच नव्हतं. हात हवेतून परत मांडीवर आले. ते हसले, हं हं करत राहिले, आणि मी त्यांच्याखाली अवघडून गेले. त्यांचे पाय थरथरताना मला कळत होते, तिला दिसत नव्हते. चाळीस मिनिटं गेली. ती स्वयंपाकघरात गेल्यावर ते पुढे सरकत सरकत माझ्या कडेला आले आणि तिथून घसरून पलंगावर गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्या दिवसानंतर ते माझ्यावर कधीच बसले नाहीत.

पण मी त्यांच्या कामाची नव्हते असं समजू नका. त्या दीड वीत उंचीच्या पलंगावरून उठणं हीच खरी लढाई होती. भिंत गुळगुळीत, पकडायला कुठे काही नाही. म्हणून त्यांनी मला पलंगाच्या कडेला, माझी पाठ स्वतःकडे करून ठेवलं. सकाळी पाय खाली सोडायचे, माझ्या पाठीची वरची पट्टी दोन्ही हातांनी धरायची, आणि एक, दोन, तीन. दिवसातून चार-पाच वेळा. दार आधी लोटून घ्यायचे. मुलगा ऑफिसात, सूनबाई तिच्या कामात किंवा फोनवर. कुणाला पत्ता नव्हता.

हे त्यांनी का लपवलं, तेही मला ठाऊक आहे. त्यांचा एक जुना मित्र होता, त्याच्याकडे दिवसभराचा माणूस ठेवला होता. अप्पा एकदा भेटून आले आणि बहिणीला फोनवर सांगत होते की, तो माणूस ह्याचं तोंड पुसतो, ह्याला विचारल्याशिवाय खिडकी लावतो, आणि हा आपला बघत बसतो. आपलं असं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. उठता येत नाही म्हटलं की माणूस ठेवतील, ही त्यांची भीती. आणि माझी भीती त्याहून साधी होती. मी साडेतीन किलोची. ते ओढ घ्यायचे तेव्हा माझे पुढचे दोन पाय फरशीवरून सुटायचे. पहिल्यांदा केसभर सुटले. पुढे अर्धा बोट. मी सगळा जीव मागच्या पायांत गोळा करून उभी राहायचे. एक दिवस मी उलटणार आणि ते माझ्यासकट मागे पडणार, पलंगाच्या कडेवर डोकं आपटणार, हे मला रोज दिसायचं. वजनमापाच्या माणसाला ते दिसत नसेल असं कसं म्हणू? त्यांनाही दिसत होतं. तरी धरत होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

अशात टिकलीचा नियम आला.

म्हणजे नियम घरात होताच, आमच्या खोलीत आला नव्हता. सूनबाईकडे पिवळ्या गोल कागदी टिकल्यांची एक पट्टी असते. महिन्याच्या एक तारखेला ती एका खोलीतल्या वस्तूंना टिकल्या लावते. वस्तू वापरली की वापरणाऱ्यानं टिकली काढायची. तीस दिवसांनी जिच्यावर टिकली तशीच असेल ती घरात लागत नाही असं समजायचं आणि गरजूला द्यायची. स्वयंपाकघराचा महिना होता तेव्हा मुलानं मिक्सरच्या जादा भांड्याचा जीव वाचवावा म्हणून तीन दिवस त्यात नुसतं पाणी फिरवलं होतं. सूनबाईनं हसून ते भांडं ठेवलं. अप्पांची खोली तिनं आदरापोटी शेवटी ठेवली होती, पण शेवट येतोच. एक तारखेला ती आली, परवानगी घेतली आणि दिव्याला, छोट्या कपाटाला, रेडिओला आणि मला टिकली लावली. माझी अगदी बैठकीच्या मधोमध.

दिव्याची टिकली त्याच संध्याकाळी निघाली. दुसऱ्या सकाळी रेडिओची आणि कपाटाची. माझी राहिली.

तुम्ही म्हणाल, अप्पांनी सरळ काढून टाकायची. मीही तेच म्हणत होते, रोज, मनातल्या मनात ओरडून. पण तो माणूस आयुष्यभर खरं माप आणि खोटं माप वेगळं करत आलेला. नियम वापराचा, आणि खुर्चीचा वापर म्हणजे तिच्यावर बसणं, असं त्यांचं माप. ते बसत नव्हते. धरत होते. न बसता टिकली काढणं त्यांच्या हिशेबी खोट्या वजनावर शिक्का मारण्यासारखं होतं. आणि काढली असती तर सूनबाईनं सहज विचारलं असतं, अप्पा, तुम्ही बसता का हिच्यावर, मला तर कधी दिसला नाहीत. मग सांगावं लागलं असतं. ते रोज सकाळी उठून उभे राहिले की त्या टिकलीकडे बघायचे. एकदा नखानं तिची कड उचलली आणि परत दाबून बसवली.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझे पुढचे पाय चांगले बोटभर उचलले गेले. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. अप्पांनी जरा विचार केला, कपाट उघडलं आणि नोकरीतल्या दोन जाडजूड वह्या काढून माझ्यावर ठेवल्या. दोन्ही मिळून सात किलो, असं स्वतःशीच पुटपुटले. काय सांगू तुम्हाला, जन्मात पहिल्यांदा मला जमीन पायाखाली असल्यासारखी वाटली. दोन दिवस आम्ही दोघं सुखानं उठलो. तिसऱ्या दिवशी सूनबाई केर काढायला आली. तिनं वह्या उचलल्या, पुसल्या आणि कपाटात ठेवल्या. खुर्चीवर सामान साठायला लागलं की घर तिथूनच पसरायला सुरुवात होते, असं म्हणाली. रागानं नाही, अगदी मायेनं. अप्पा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्या पुन्हा ठेवल्या आणि तिनं पुन्हा उचलल्या, या वेळी लाडानं बोट दाखवून. तिसऱ्यांदा त्यांनी कपाटाला हात लावला नाही.

पंधरा दिवस, वीस दिवस, पंचवीस. एकीकडे मला वाटायचं, तीस होऊन एकदाची जाऊ दे मला, निदान माझ्या हातून ह्यांना इजा व्हायला नको. दुसरीकडे वाटायचं, मी गेले तर हे उठणार कशाला धरून? त्या आरामखुर्चीनं मला सांभाळ म्हणून सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडले. माझ्या जागी थोडी जड खुर्ची असती तर निदान एक काळजी कमी झाली असती.

तिसावा दिवस उजाडला. अप्पा नेहमीसारखे मला धरून उठले, तोंड धुऊन, चहा घेऊन परत आले आणि पेपर घेऊन पलंगावर पडले. साडेदहाच्या सुमाराला सूनबाई आली. पलीकडच्या इमारतीत एक नवं जोडपं राहायला आलं होतं, त्यांच्याकडे बसायला काही नव्हतं, आणि ते अकरा वाजता येणार होते.

"अप्पा, ही खुर्ची तुम्ही वापरत नाही ना? देऊन टाकू?"

पेपर जरासा खाली आला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ हललेही. तिच्या कपाळावर केसांची एक बट आली होती, कामाच्या गडबडीत होती, चेहऱ्यावर तोच उजेड.

"न्या," ते म्हणाले.

तिनं मला दोन बोटांनी उचललं. ते उचलणं किती सोपं होतं याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाहेरच्या दारापाशी मला ठेवून ती फोनवर बोलायला गॅलरीत गेली. तिथून अप्पांची खोली मला दिसत नव्हती, ऐकू मात्र येत होती. पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. पलंग एकदा करकरला. थांबला. पुन्हा करकरला. तळहात भिंतीवर घासल्याचा आवाज आला, तो खाली खाली सरकत गेला आणि मग धप्प असं काहीतरी झालं. हाक येईल म्हणून मी वाट बघितली. हाक येईना. गॅलरीत सूनबाई हसून बोलत होती आणि आत तो माणूस जमिनीवर होता, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं. मला तोंड असून नसल्यासारखं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एवढ्यात तिचा फोन संपला.

"सूनबाई, जरा येतेस का?"

आवाज इतका साधा होता की तिनंही साधेपणानं आले म्हटलं. पण दारात जाऊन ती थबकली. पुढचं काही मी ऐकलं, काही मागाहून त्यांच्या बोलण्यातून कळलं. अप्पा पलंगाला पाठ लावून फरशीवर बसले होते. पेन पडलं होतं ते काढायला बसलो, म्हणाले. लागलं नव्हतं कुठे. तिनं हात पुढे केला आणि उठा म्हणाली.

"मला उठता येत नाही," अप्पा म्हणाले. "सहा महिने झाले. ती खुर्ची धरून उठायचो."

मग तिचा आवाज आला, तो ओळखू येईना इतका बदललेला.

"मग न्या का म्हणालात?"

"तू विचारलंस वापरता का. बसत नव्हतो मी तिच्यावर. खोटं कुठे बोललो?"

ती रडली. फरशीवर त्यांच्या शेजारी बसून रडली. मला वाटलं तुम्हाला मोकळी खोली आवडते, असं काहीतरी म्हणत होती. अप्पा म्हणाले की, आवडते, खरंच आवडते, डोळ्यांना बरी वाटते. पण धरायला काहीतरी लागतं गं. आणि मग हळूच, माणूस ठेवू नका एवढंच म्हणणं आहे, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. नवं जोडपं वेळेच्या आधीच आलं होतं. सूनबाईनं डोळे पुसत दार उघडलं, माफ करा म्हणाली, खुर्ची द्यायची नाहीये. ते माझ्याकडे जरा आशेनं बघून परत गेले. त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं.

त्यानंतर घरात बरीच ठोकाठोक झाली. मुलानं पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. पांढऱ्या भिंतीत, सूनबाईच्या देखत, ड्रिलनं भोकं पाडून स्टीलची एक दांडी लावली. ती भोकं पडताना सूनबाईचा चेहरा बघण्यासारखा होता, पण दांडी अजून दोन इंच खाली घे, हे तिनंच सांगितलं. आरामखुर्चीची चौकशी केली; तिचे पाय कापून कुणीतरी तिचा झोपाळा केला होता. आणि एक फिजिओ बाई आल्या. त्यांनी अप्पांना मला धरून उठून दाखवायला सांगितलं. माझे पुढचे पाय उचलले गेलेले बघून त्यांनी अप्पांना जागच्या जागी थांबवलं.

"काका, ही खुर्ची एक दिवस तुम्हाला घेऊनच पडेल."

सहा महिने जे मी ओरडून सांगत होते ते कुणीतरी एकदाचं बोललं. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता माझी रवानगी नक्की, असं मी धरून चालले. पण बाई पुढे म्हणाल्या की, रोजचा व्यायाम हिलाच धरून करा, गुडघ्यांत ताकद येईल, फक्त हिच्यावर कुणीतरी बसलेलं पाहिजे. रिकामी धरायची नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सूनबाई माझ्यावर बसते, तोंड खिडकीकडे करून. अप्पा मागून माझी पाठ धरून उठतात आणि बसतात. सुट्टीच्या दिवशी मुलगा बसतो. दहा मिनिटं नुसतं बसायचं, फोन नाही, काही नाही. एकमेकांचं तोंड दिसत नसल्यामुळे की काय, दोघं बरंच बोलतात. अप्पा तिला दुकानदारांच्या लबाड्या सांगतात, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांनी कसं पकडलं ते सांगतात. तिनं एकदा आईच्या घरातल्या त्या झाकणांच्या पेटीचं सांगितलं. अप्पा हसले नाहीत. डबे आधी गेले असतील, झाकणं तुझ्या आईच्यानं टाकवली नसतील, असं म्हणाले. टिकल्यांची पट्टी अजून घरात आहे. पण आता टिकली लावण्याआधी ती दोन दिवस नुसतं बघते, कोण कशाला हात लावतं ते.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं सांगून मी तुम्हाला निरोप देऊ शकले असते. पण खरं सांगायचं तर माझी काळजी संपलेली नाही. मागच्या महिन्यात अप्पा वीस वेळा उठायचे. मग सोळा झाले. परवा बारा, काल नऊ. आकडे ते मोठ्यानं मोजतात, त्यांच्यात लबाडी चालत नाही. फिजिओ बाई चढउतार होतच असतो म्हणतात. सूनबाई नऊला शाबास म्हणाली, पण माझ्यावर बसलेली असल्यामुळे तिचं अंग किती ताठलं ते मला कळलं. आज किती होतील, या विचारानं माझ्या सांध्यांत पहाटेपासून कळ येतेय.

तुमच्या घरातून काही कमी करायचं असेल तर जरूर करा. मोकळं घर चांगलंच दिसतं, मी त्याच्यासाठीच जन्मले. फक्त एक विनवणी आहे. वस्तू हलवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वापरता का असं विचारून थांबू नका. ती न्या म्हणतील. जरा दारात उभं राहून ती उठतात कशी ते बघा.

आता बोलणं आवरतं घेते. सकाळ झालीय, अप्पांनी पाय खाली सोडलेत. दोन्ही हात माझ्या पाठीवर आले आहेत, आणि मी अजून रिकामीच आहे. स्वयंपाकघरात नळ चालू आहे. भिंतीला दांडी आहे, तिला धरून ते उठू शकतील. पूर्वीचे अप्पा असते तर दार लोटून घेऊन एक, दोन, तीन म्हणाले असते. पण ते उठत नाहीत, दाराकडे बघताहेत.

"सूनबाई, बसतेस का जरा?"

नळ बंद झाला. ओले हात पदराला पुसत ती आली आणि माझ्यावर बसली. माझे चारही पाय जमिनीला टेकले. मागून पट्टीवरची पकड घट्ट झाली.

"एक," अप्पा म्हणाले.